पाणी कुठलं?

दारात आलेल्या माणसाला पाणी द्यावं, त्यानं तांब्या गटागटा रिकामा करावा, बरं वाटलं म्हणावं आणि वाटेला लागावं, अशी आमच्याकडची साधी रीत. दरोगासाहेब तांब्या हातात घेत, मान तिरकी करून आत डोकावत आणि विचारत, "बाई, पाणी कुठलं?"

मला त्यांनी हे पहिल्यांदा विचारलं तेव्हा मी चांगलीच फणकारले होते. नुकतीच नांदायला आलेली मी. माझे यजमान शाळेवर मास्तर, आणि आमचं गाव ताडकळसापासून दोन कोसांवर. नव्या संसारातल्या घासूनपुसून ठेवलेल्या तांब्यात कुणी असं डोकावावं, याचा मला राग आला.

"आमच्या घरचं आहे पाणी," मी म्हटलं.

"घरात विहीर हाय का?"

"नाही."

"मग घरचं कसं झालं?"

यात खोच नव्हती. त्यांना खरंच माहीत करून घ्यायचं होतं. कुठल्या विहिरीचं, कुठल्या बाजूनं शेंदता, तिथं कपडे कोण धुतं, घागरीवर फडकं बांधता का, हे सगळं विचारून झालं. मग ते प्याले, आणि तांब्या खाली ठेवताना म्हणाले, "गार हाय. माठ कोणत्या कुंभाराचा?" मी कपाळाला हात लावला.

कासीम अली हे त्यांचं नाव, पण ते सरकारी कागदावर. निजाम सरकारच्या सफाई खात्याचे ते दरोगा, म्हणजे आसपासच्या पाचपंचवीस गावांची घाण आणि रोगराई त्यांच्या नावावर. उंच, काटकुळे, डोक्यावर रंग उडालेली रुमी टोपी, आणि एका सायकलीवर दिवसभर हिंडणं. कोटाच्या खिशात भिंग, सुतळी, काचेच्या नळ्या आणि कायम मूठभर भुईमुगाच्या शेंगा. जन्म हैदराबादचा, पण मराठी परभणीच्या बाजारात शिकलेले, त्यामुळे बोलणं आमच्या लोकांसारखंच, फक्त मधूनच एखादं 'हौ' किंवा 'नक्को' टपकायचं. गावानं त्यांचं नाव 'पाणीकुठलं' असं ठेवलं होतं. ते त्यांना ठाऊक होतं, आणि हे नाव पहिल्यांदा कुणाला सुचलं याचीही त्यांनी चौकशी केली होती.

भाकरी कशी फुगते हे बघायला हा माणूस एकदा आमच्या चुलीपुढं उकिडवा बसला होता. चार भाकरी झाल्यावर म्हणाला, "पाचवी उलटीकडून आधी भाजा बरं." मी भाजली. ती फुगली नाही. त्यांना एवढा आनंद झाला की मला हसूच आलं.

वेशीजवळ शिवप्पांचं किराणा दुकान होतं. शिवप्पा लिंगायत, अत्यंत सोवळे, परक्याशी दोन शब्दांच्या वर बोलायचे नाहीत. दरोगासाहेबांनी एके दिवशी त्यांना विचारलं, गळ्यात हा रुप्याचा करंडा कशासाठी, आत काय असतं, रोज काढून पूजा करता तर हातात कसं धरता? बाजारातली माणसं आता भांडण होणार म्हणून थांबली. शिवप्पांनी दुकान तसंच सोडून दोन तास त्यांना इष्टलिंगाचं सगळं सांगितलं. साहेब निघाले तेव्हा स्वतः सुनेला हाक मारून गूळपाणी आणवलं. ही सून म्हणजे गिरजा, माझ्याच वयाची, माझी गावातली पहिली मैत्रीण. तिचा मुलगा बसू तेव्हा रांगत होता. "काय मानूस हाय गं," ती मला नंतर म्हणाली, "मामंजींला बोलतं केलं. आन् माझ्या पान्याची बी चवकशी केली."

माझ्याकडून त्यांनी एकदा जुनी फणी मागून नेली. घरात लेकरंबाळं नसतील का, म्हणून मी दिली. दुसऱ्या दिवशी समजलं की चावडीमागं बसून त्यांनी त्या फणीनं मेलेला उंदीर विंचरला, आणि पांढऱ्या कागदावर पडलेल्या पिसवा भिंगातून बघत बसले. फणी धुऊन परत द्यायलाही आले! मी ती काठीनं उचलून उकिरड्यावर टाकली. पण तो उंदीर साधा नव्हता. प्लेग आला होता.

दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या दोनेक वर्षं आधीची ही गोष्ट. संक्रांत पंधरा दिवसांवर होती. दरोगासाहेबांनी चावडीवर सगळ्यांसमोर विचारलं, "पहिला उंदीर कुणाच्या घरात पडला?" धोंडिबा नावाच्या साध्या शेतकऱ्यानं हात वर केला. हात वर केला एवढाच त्याचा गुन्हा. गाव सोडून बहुतेक सगळे माळावर खोपट्या बांधून राहिले, तेव्हा धोंडिबाची खोपटी दूर, एकटी पडली. त्याच्याशी कुणी बोलेना, त्याच्या बायकोला चुलीसाठी कुणी विस्तव देईना. "ह्यानंच गावात आनला," असं म्हातारेसुद्धा म्हणत.

मग रोज सकाळी दरोगासाहेब खापरात निखारे घेऊन धोंडिबाच्या खोपटीकडं जाताना दिसू लागले. मी एकदा विचारलं, हे तुमचं काम आहे का?

"विचारायला चुकलो मी," ते म्हणाले. "कुठं पडला, कधी पडला, एवढंच विचारायचं होतं. कुणाच्या, ते मला कशाला पायजे होतं? दवा तर जागेवर टाकायची असती, मानसावर न्हाई."

त्यानंतर चारचौघांत त्यांनी 'कुणी' आणि 'कुणाचा' हे शब्द काढले नाहीत.

माळाखालून ओढा वाहायचा. थंडीत पाणी बारीक असतं, म्हणून वाळूत झिरा खणून पिण्याचं पाणी घ्यायचं. झिरा वरच्या अंगाला, आणि त्याच्या खाली बऱ्याच अंतरावर धुण्याचा खडक, हे दरोगासाहेबांनी स्वतः चालून ठरवलं होतं. बाहेरगावाहून येणाऱ्यासाठी त्यांचा कडक हुकूम होता: अंगावरचं आणि अंथरुणाचं कापड खडकावर धुऊन, उन्हात कडक वाळवून मगच खोपटीत न्यायचं, म्हणजे पिसवा आत यायच्या नाहीत. सगळे तो पाळत. प्लेग खरंच थांबला. आठ दिवसांत नवी गाठ कुणाला आली नाही, आणि साहेब पुन्हा शेंगा खात हिंडू लागले.

शिवप्पा दुकान सोडायला तयार नव्हते. अगदी शेवटी, बाजूच्या घरात उंदीर पडला तेव्हा ते कुटुंबकबिल्यासह माळावर आले. त्यांच्यासोबत आणखी सातआठ घरं. वर जागा उरली नव्हती म्हणून त्यांनी खालच्या टोकाला खोपट्या घातल्या, आणि पाण्याला लांब कशाला जायचं म्हणून आपल्यापुरता एक झिरा तिथंच खणला. खडकाच्या खाली. वाळूतून निर्मळ पाणी वर यायचं. कुणाला त्यात वावगं दिसलं नाही.

त्याच आठवड्यात माझ्या यजमानांच्या आत्याबाई गंगाखेडहून आल्या. पर्वणीचं गंगास्नान करून आलेल्या, आणि येतानाच पोट बिघडलेलं. दोन दिवस त्या आमच्याकडे आडव्या होत्या, मग बऱ्याही झाल्या. त्यांची भरलेली गोधडी मी हुकमाप्रमाणे खडकावर नेली, आपटून आपटून धुतली, आणि उन्हात घातली. आपण नियमानं वागलो याचं मला समाधानही वाटलं होतं.

तिसऱ्या दिवशी खालच्या टोकाला एक तरणा गडी सकाळी उलट्या करू लागला आणि दुपारी गेला. संध्याकाळपर्यंत आणखी तिघं पडली. माळावर एकच बोंब झाली की प्लेगानं रूप पालटलं. माणसं गाडे जुंपू लागली. कुणी मामाकडं निघालं, कुणी लेकीच्या गावी.

दरोगासाहेब प्रत्येक आजाऱ्याजवळ बसले. काखा बघितल्या, जांघा बघितल्या, बोटांची कातडी चिमटून बघितली. मग वाटेवर आडवी सायकल टाकून तिच्यासमोर उभे राहिले.

"ही प्लेग न्हाई. गाठ एकालाबी न्हाई. ही पटकी हाय, कॉलरा. तुमी आज गाडे हाकले तर दोनी आजार पावन्याच्या घरी नेऊन घालताल. मला एक दिवस द्या. उद्या दुपारपस्तोर कुठून आली ते सांगतो. न्हाई सांगितलं तर मीच बैलं जुंपून देतो."

पाटील म्हणाले, "आन् तवर मान्सं मेली तर?"

"तवर पानी उकळून प्या. सगळ्यांनी. माझ्यासमोर उकळा."

दुसरा दिवस मी कधी विसरणार नाही. रात्रीत आणखी माणसं पडली होती. सकाळी त्यांनी मोकळ्या जागेत धूळ सारखी केली आणि काठीनं सगळा माळ काढला: ओढा, खोपट्या, दोन झिरे, खडक. मग एकेका घरच्या माणसाला बोलावून तोच जुना प्रश्न, "पाणी कुठलं?" पण आज त्याला कुणी हसलं नाही. ज्या खोपटीत आजारी माणूस होतं तिथं ज्वारीचं एक कणीस ठेवायचे. बघता बघता माणसं भोवती गोळा झाली. वरच्या झिऱ्याभोवती एकही कणीस नाही. खालच्याभोवती नऊ. लहान मुलालासुद्धा कळावं असं ते चित्र होतं, आणि तेवढा वेळ भीती विसरून सगळा माळ वाकून त्या धुळीकडं बघत होता.

कुणी न सांगता चार गडी उठले, खालचा झिरा बुजवला, वर बाभळीच्या काट्या टाकल्या. वर आणखी एक झिरा खणताना साहेब स्वतः गुडघाभर वाळूत होते. दोन्हींत त्यांनी लाल दवा टाकली. गाडे सुटले, बैलं पुन्हा दावणीला गेली.

पण झिऱ्यात पटकी आली कुठून?

दुपारी मी खोपटीत एकटी होते. दरोगासाहेबांची खोपटी आमच्या शेजारीच, मध्ये फक्त तुराट्यांचा कूड. पलीकडून हाक आली.

"मास्तरीणबाई, आत्याबाई गंगाखेडहून कधी आल्या?"

"गुरुवारी."

"पोट आधीच बिघडलं होतं?"

"हो."

"अंथरून धुतलं?"

"धुतलं. तुमचा हुकूमच होता."

"कुठं?"

"खडकावर," मी म्हटलं, आणि म्हणता म्हणता तो धुळीतला ओढा माझ्या डोळ्यांसमोर आला. वर खडक, खाली झिरा. "साहेब, म्हणजे मीच..."

"बाई," कुडापलीकडून ते हळूच म्हणाले, "मी कुठं विचारलं, कधी विचारलं. कुणी, असं विचारलं का? न्हाई ना? मग सांगू नका."

मग स्वतःशीच बोलल्यासारखे शब्द ऐकू आले, "नवीन मानसं आली तवा मी त्यांला पानी कुठलं विचारलं न्हाई. सगळ्या मुलखाला विचारतो, तेवढंच राहिलं."

त्या दुपारी गिरजाचा बसू गेला. पावणेदोन वर्षांचा होता, माझ्या अंगावर लोळायचा.

संध्याकाळी सगळा माळ जमला. साहेबांनी कागद बाजूला ठेवून साध्या शब्दांत सांगितलं, बाहेरून आलेल्या आजाऱ्याचं अंथरूण खडकावर धुतलं गेलं, ती घाण खाली झिऱ्यात उतरली. गर्दीतून लगेच आवाज उठला, "कुनी धुतलं? नाव सांगा!" गिरजा बायकांतून पुढं आली. तिचे केस सुटलेले होते. "मला नाव पायजे," ती म्हणाली. "दुसरं काई नको. नाव द्या."

"कासीम अली," ते म्हणाले.

लोकांना कळेना.

"धुवा म्हणून हुकूम माझा. खडक मी दाखवला. खाली झिरा झाला तवा खडक हलवायला पायजे होता, मी हलवला न्हाई. धुनाऱ्यानं माझं ऐकलं, एवढंच केलं. नाव माझं हाय."

गिरजा त्यांच्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "ह्याउप्पर माझ्या दारचं पानी तुमाला न्हाई. तहानंनं मरायला लागलाव तरी न्हाई."

मी तिच्या मागं दोन हातांवर उभी होते. मी बोलले नाही. धोंडिबाची एकटी खोपटी मला तिथून दिसत होती, आणि मला भीती वाटली. एवढंच कारण. त्याला दुसरं कुठलंही चांगलं नाव मी देऊ शकत नाही.

पटकीत सात माणसं गेली, आणि बारा दिवसांत ती थांबली. सरकारात पाठवलेल्या कागदातही साहेबांनी तेच लिहिलं, असं माझे यजमान म्हणाले. त्यांच्या बरोबरीचे लोक वर चढले, ते मात्र त्याच सायकलीवर दरोगाच राहिले. गावात येत, विहिरी बघत, आमच्याकडं बसत. यजमान त्यांना चिडवायचे, "साहेब, आता तरी न विचारता प्या." ते हसायचे आणि विचारायचे. ते ऐकून माझा चेहरा दरवेळी का उतरतो, हे यजमानांना कळत नसे, कारण मी त्यांनाही काही सांगितलं नव्हतं. गिरजाच्या दुकानासमोरून जाताना साहेब सायकलीवरून उतरत, ती हातात धरून चालत जात आणि पुढं जाऊन पुन्हा बसत. दहा वर्षं. गिरजाला पुढं दोन मुली झाल्या, त्यांना अक्षरं मी शिकवली. ती मला 'वैनी' म्हणून जीव लावायची, आणि ती जीव लावायची तेव्हा मला जमिनीत गडप व्हावंसं वाटे.

पोलीस ॲक्शननंतरच्या थंडीत सगळंच बदललं. साहेबांची नोकरी संपली. गोंधळाच्या दिवसांत धोंडिबानं त्यांना आपल्या मळ्यात ठेवून घेतलं होतं, आणि आता त्याचीच गाडी त्यांना पूर्णा स्टेशनावर सोडणार होती. हैदराबादला त्यांची मुलगी होती, तिच्याकडं.

गाडी वेशीत थांबली. आम्ही निरोप द्यायला गेलो. टोपी तीच, कोटाचे खिसे मात्र रिकामे. बोलता बोलता त्यांना ठसका लागला, आणि तो थांबेना. धोंडिबा घाबरून म्हणाला, "साहेब, पानी आनू का?" आणि सवयीनं त्याची नजर सगळ्यांत जवळच्या दाराकडं गेली. ते गिरजाचं दुकान होतं. गिरजा ओट्यावर बसली होती. तिनं मान दुसरीकडं फिरवली.

"नक्को," साहेब खोकत म्हणाले. "चला."

मी तिच्या ओट्यापाशी गेले.

"गिरजा, ती गोधडी मी धुतली होती."

"कंची गोधडी?"

"माळावरची. खडकावर. आत्याबाईंची. मी धुतली."

"मास्तरीणबाई, नक्को," गाडीतून आवाज आला. "राहू द्या ते."

गिरजानं माझ्याकडं पाहिलं. तिला कळायला वेळ लागला, आणि कळताना तिचा चेहरा मला बघवेना.

"तुमाला ठावं व्हतं, वैनी? धा वरीस?"

"हो."

"आन् ह्यान्ला?" तिनं गाडीकडं मान वळवली.

मी मान डोलावली. ती उठली आणि आत गेली. दार आता लागणार, आणि ते माझ्यासाठी पुन्हा उघडणार नाही, असं मला वाटलं. माझे यजमान माझ्याकडं अनोळखी माणसाकडं बघावं तसे बघत होते.

ती बाहेर आली ती हातात तांब्या घेऊन. दुकानात परक्यांसाठी ठेवलेला नव्हे, घरातला रोजचा, पितळी. माझ्या अंगाला न लागता ती गाडीपाशी गेली आणि तांब्या वर धरला.

साहेबांनी तो दोन्ही हातांनी घेतला. धोंडिबा कासरा धरून थांबला होता, यजमान थांबले होते, मीही. आता मान तिरकी होणार, आत डोकावणार, आणि तो प्रश्न येणार.

त्यांनी आत पाहिलं नाही. तांब्या तोंडाला लावला, शेवटच्या थेंबापर्यंत प्याले आणि तिच्या हातात परत दिला. विचारलं काहीच नाही.